स्लॅबची क्वार्टर बंद करावी का?

साइटवरचा
पुण्यात अकरा वर्षं सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात आमच्या गेटवर दारू तपासायचं, फुंकायचं मशीन आलं. पहिल्या आठवड्यात सतरा जणांना परत पाठवलं. साहेब खूश. त्यातले बरेच दुसऱ्या दिवशी पलीकडच्या साइटवर खडी वाहताना मीच पाहिले.

त्याच महिन्यात सहाव्या मजल्याचा स्लॅब भरला. सकाळी सातला काँक्रीटची पहिली गाडी आली. मध्ये थांबलं तर जोड राहतो, म्हणून रात्री साडेदहापर्यंत व्हायब्रेटर चालू. संपल्यावर ठेकेदाराने माणशी दारूची एक क्वार्टर आणि चिकन दिलं. क्वार्टरचे पैसे स्लॅबच्या दरात धरलेलेच असतात, म्हणायचं मात्र बक्षीस. म्हणजे रात्री आपणच पाजायचं आणि सकाळी आपणच पकडायचं! मशीन ठेवा नाहीतर काढा, पण ही क्वार्टर बंद करून तेवढे पैसे हातात द्या. आणि शनिवारची खर्ची (मजुरीतली आठवड्याची उचल) गुत्त्याच्या दारात वाटू नका. दारूच्या दुकानात मजुरी देऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात १९४९ सालीच लिहिलंय.

घमेलंवाला
तुम्ही पगारी माणूस, मी गँग सांभाळतो. एकदा क्वार्टर बंद करून बघितली. पुढच्या स्लॅबला बावीसपैकी नऊ आले. आणि पैसे दिले तर कुठे जाणार ते? स्वस्तातली गावठी दारूची पिशवी घेणार. २०१५ ला मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती काय सीलबंद बाटली पिऊन नाही. पंधरा तास घमेलं उचललेल्या माणसाला चहा-बिस्किटावर झोप लागते का, ते एकदा उचलून बघा.

पिवळं हेल्मेट
मशीन कशाला काढायचं? हिशोब बघा. विदेशीची १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के, म्हणजे साठेक ग्रॅम अल्कोहोल. यकृत तासाला सात-आठ ग्रॅम काढतं. रात्री अकराला प्यायलेला सकाळी सातला जेमतेम मोकळा होतो. दोन मारल्या असतील तर गाडी चालवायची मर्यादा (१०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम) सकाळीही ओलांडलेली असते. स्कूटरवाल्याला पकडायचं आणि बाराव्या मजल्याच्या परांचीवर चढणाऱ्याला सोडायचं?

ओळंबा
मी सेंट्रिंगचा (स्लॅबखालचा साचा बांधणारा) मिस्त्री. दारू सोडून चार वर्षं झाली. हेल्मेटसाहेब, तुमच्या मशीनला माझे हात दिसले नसते. रोज पिणारा माणूस भीतीने एक रात्र कोरडा राहिला की सकाळी शून्य येतं, दिवा हिरवा. पण हात असे थरथरतात की ओळंबा धरला तर दोरी स्थिर राहत नाही, आणि तोच माणूस वर चढतो. आमच्यातला एक जण तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणून ओरडत सुटला. खोलीतले म्हणाले बाहेरचं काहीतरी लागलंय, लिंबू उतरवला. दारू एकदम तुटली की असं होतं, त्यात जीवही जातो. त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, लिंबू कसला उतरवता! आणि गांजा तर त्या मशीनमध्ये येतच नाही.

पिवळं हेल्मेट
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. तरी मशीन काढू नये, या मतावर ठाम.

कॅम्पातली बाई
लेबर कॅम्पात बालवाडी घेते. क्वार्टरवर एवढी चर्चा, पण 'जोडी'बद्दल कोणीच बोलत नाही. नवरा-बायको दोघं राबतात, हजेरी एकाच नावावर आणि खर्ची त्याच्या हातात. शनिवारी रात्री माझ्याकडच्या पोरांच्या आया त्याच्या खिशातून आपलीच मजुरी शोधत असतात. तिची हजेरी वेगळी मांडा, पैसे तिच्या खात्यात टाका. याला ना मशीन लागतं ना भाषण.

घमेलंवाला
बाई, मांडली वेगळी तर नवरा पहिल्या दिवशी माझ्याशी भांडतो. तरी तुमचं पटतंय. पण ओळंबाभाऊ, अशा माणसाला महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं तर त्याची हजेरी कोण देणार? मी?

ओळंबा
नका देऊ. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर जमा होतो, बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे पैसा आहे, व्यसनमुक्तीच्या उपचाराला मदतही आहे. पण नोंदणीला ९० दिवस काम केल्याचं पत्र लागतं. माझ्या मुकादमाने ते दिलं नाही, उद्या फंड मागशील म्हणाला. भावाने बैल विकून मला केंद्रात ठेवलं.

घमेलंवाला
पत्र मी देतो. माझ्याकडच्या सगळ्यांना देईन. क्वार्टर मात्र बंद होणार नाही, लिहून घ्या.

साइटवरचा
आमचा पुढचा स्लॅब गुरुवारी. साहेबांशी बोललोय, क्वार्टरचे पैसे रात्रीच मोजून देणार, जोडीत तिचे तिला. आमच्याकडे किती येतात ते शुक्रवारी इथेच टाकतो.