साथ चालू असताना नियम बदलला: पत्रक शब्दशः पाळायचे की पेशंट पाहून ठरवायचे?

शीतपेटी
साथ जोरात असली की लसीकरणाचे पत्रक महिन्यातून दोन-तीनदा बदलते. वय बदलते, दोन डोसांमधले अंतर बदलते, फ्रिजमधली मुदत बदलते. जर्मनीत २०२१ साली कोविडवरच्या अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीचे काय झाले ते आठवा. जानेवारीअखेर सल्ला आला की ती १८ ते ६४ वयालाच द्या, त्यापुढच्या वयाचा पुरावा अपुरा आहे. ४ मार्चला ती मर्यादा उठली. ३० मार्चला नेमके उलटे: ६० च्या पुढच्यांनाच द्या, तरुणांत दुर्मिळ पण घातक गुठळ्या दिसताहेत. दोन महिन्यांत पत्रकाने कोलांटी मारली.

अशा वेळी स्थानिक डॉक्टरने काय करावे? माझे मत: कोणती लस, किती मिली आणि किती अंतराने, या तीन गोष्टींत स्वतःचे डोके चालवू नये. पत्रक चुकीचे वाटले तर वर लेखी कळवावे, पण टोचताना पत्रकच पाळावे. अमेरिकेत लस देणाऱ्याने सरकारशी जो करार केला होता, तो शिफारशीबाहेर लस दिली तर मोडतो आणि कायदेशीर संरक्षण जाऊ शकते असे सांगितले गेले होते. आणि ज्याने त्याने आपापले अंतर ठरवले तर कोणत्या अंतराने किती संरक्षण मिळते हे नंतर आकड्यांतून काढणेच अशक्य होते.

आडवाट
साफ असहमत. पत्रक लोकसंख्येसाठी लिहिलेले असते, खुर्चीत बसलेल्या माणसासाठी नाही.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. ३० डिसेंबर २०२० ला दुसरा डोस ३ आठवड्यांवरून १२ आठवड्यांपर्यंत लांबवला आणि ४ जानेवारीनंतरच्या ठरलेल्या अपॉइंटमेंट पुढे ढकला म्हणून सांगितले. मधे नववर्षाची सुट्टी. ऐंशी वर्षांच्या लोकांना फोन करून ‘परवा येऊ नका’ सांगायचे काम कोणाच्या गळ्यात पडले? स्थानिक दवाखान्यांच्याच. फायझर म्हणत होती की २१ दिवसांपुढची चाचणी आमच्याकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लागार गट त्याच सुमारास २१ ते २८ दिवस आणि अगदीच अडचण असेल तर ६ आठवडे म्हणत होता. दोन अधिकृत कागद, दोन उत्तरे. शब्दशः पाळायचा तो कोणता?

आता रिटुक्सिमॅब या औषधावरचा पेशंट बघा. ते अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी नष्ट करते. बी-पेशीच नाहीत तर अँटिबॉडी कुठून येणार? तिथे लस औषधाच्या पुढच्या मात्रेच्या साधारण ४ आठवडे आधी बसवायची आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर जमल्यास औषध आणखी २ ते ४ आठवडे थांबवायचे. हे वयोगटाच्या तक्त्यात कुठे असते? प्रतिकारशक्ती फारच दबलेल्यांना तिसरा डोस फ्रान्सने एप्रिल २०२१ मध्ये सुचवला, अमेरिकेने ऑगस्टमध्ये. मधल्या चार महिन्यांत मूत्रपिंड बदललेल्या अमेरिकन पेशंटला डॉक्टरने काय सांगायचे, पत्रक येईपर्यंत देव देव करा?

शीतपेटी
@आडवाट, रिटुक्सिमॅबचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. त्यात नियम मोडलेला नाही, नियमाच्या चौकटीत तारीख शोधली आहे. ती मोकळीक हवीच, मीही तेच म्हणतो.

१२ आठवड्यांचा निर्णय पुरवठ्याचा होता. हातात तेवढ्याच लशी असताना दुप्पट लोकांना पहिला डोस मिळावा म्हणून. अर्ध्या दवाखान्यांनी तो पाळला आणि अर्ध्यांनी नाही, तर ते गणितच कोसळते. पुढे लांब अंतराने अँटिबॉडी जास्त येतात हेही दिसले. डेल्टा पसरू लागला तेव्हा १४ मे २०२१ ला पन्नाशीपुढच्यांसाठी तेच अंतर ८ आठवड्यांवर आणले, कारण त्या विषाणूपुढे एक डोस कमी पडत होता. हे कोणा एका डॉक्टरला आपल्या टेबलावरून दिसले नसते.

मोजपट्टी
तुम्ही दोघे तत्त्वावर भांडताय. चुका होतात त्या टोपणाच्या रंगात.

कोविडच्या साथीत एकाच फायझर लशीच्या तीन प्रकारच्या व्हायल (लशीच्या बाटल्या) आल्या. जांभळे टोपण: १.८ मिली सलाइन घालून पातळ करायची, डोस ०.३ मिली. करडे टोपण: अजिबात पातळ करायची नाही, डोस तोच ०.३ मिली. नारिंगी टोपण, ५ ते ११ वयाचे: १.३ मिली सलाइन, डोस ०.२ मिली, एका व्हायलचे १० डोस. जांभळीची सवय लागलेला हात करडीतही सलाइन घालतो आणि पेशंटला जेमतेम निम्मी मात्रा जाते. उलट जांभळी पातळ करायची राहिली तर ०.३ मिलीत पाचपट मात्रा जाते. पत्रकात मात्र ‘नवीन फॉर्म्युलेशन उपलब्ध’ एवढेच. रंगाचा उल्लेख तिसऱ्या पानावर, तोही तळटिपेत.

त्यामुळे एका वेळी एकच रंग ट्रेवर ठेवा. वापरायला घेतलेल्या व्हायलवर तारीख आणि टाकायची वेळ लगेच लिहा (जांभळीला पातळ केल्यापासून ६ तास, बाकी दोघींना व्हायलमध्ये पहिली सुई घातल्यापासून १२). सलाइन घातल्यावर सुई बाहेर काढण्याआधी तेवढीच, म्हणजे जांभळीत १.८ मिली, हवा सिरिंजमध्ये ओढून घ्या. नाहीतर आतल्या दाबाने लस सुईच्या भोकातून फवाऱ्यासारखी उडते आणि सहावा डोस गेला. व्हायल हलवायची नाही, १० वेळा हळूच उलटीसुलटी करायची. जोरात हलवली तर चरबीचे नॅनोकण बिघडतात.

सहाव्या डोसाचा घोळही पत्रकाचाच. आधी लेबलवर ५ डोस होते, जानेवारी २०२१ मध्ये ६ झाले. पण ६ निघतात ते कमी मृत जागेच्या सिरिंज-सुईतूनच, जिच्यात ३५ मायक्रोलिटरपेक्षा जास्त अडकत नाही. पुरवठा सहाच्या हिशेबाने आणि सिरिंज जुनी, तर कागदावर दर व्हायलमागे एक डोस चोरीला गेल्यासारखा दिसतो. दोन व्हायलींतले उरलेले एकत्र करून डोस भरायचा मोह तिथेच होतो. तो करू नये. या लशीत परिरक्षक (जंतू वाढू न देणारे द्रव्य) नाही, एका व्हायलमधला जंतुसंसर्ग दुसरीत जातो.

उरलेसुरले
मोजपट्टींना +१. पण सिरिंजपेक्षा माझ्या मते मोठा वाद व्हायल उघडण्याचा आहे. अ‍ॅस्ट्राझेनेकाची व्हायल असायची १० डोसांची, उघडल्यावर ६ तास चालायची. दवाखान्यात ४ जण आलेत. पत्रक म्हणते वाया घालवू नका. मग चौघांना परत पाठवायचे?

हिशेब असा. १० मधले ८ वापरले तर अपव्यय २० टक्के, मागणी करताना गुणक १०० भागिले ८०, म्हणजे १.२५. ४ च वापरले तर अपव्यय ६० टक्के, गुणक २.५. एवढी लस कोणी देत नाही. म्हणून छोट्या दवाखान्याला दोनच वाटा: ठराविक दिवस, ठराविक दोन तास, १० च्या पटीत नावे. किंवा राखीव यादी, अर्ध्या तासात पोहोचू शकणाऱ्यांचीच, आणि फोन करायचा तो शेवटची व्हायल उघडण्याआधी. संध्याकाळी सहाला ‘कोण येतंय का’ म्हणत फिरलात तर ओळखीचे तरुण येतात आणि प्राधान्यक्रमाचे वाटोळे होते.

तरीही सत्तरीतला हृदयविकाराचा पेशंट लांबून आला असेल आणि पुन्हा येईल याची खात्री नसेल, तर मी व्हायल उघडायच्या बाजूचा आहे. फुकट गेलेल्या डोसांची रकाना भरून नोंद होते. परत गेलेल्या माणसासाठी मात्र नोंदवहीत रकानाच नसतो.

शीतपेटी
@उरलेसुरले, पहिल्या महिन्यात, लस दुर्मिळ असताना? नऊ डोस टाकून? मग तिसऱ्या महिन्यात, लस मुबलक झाल्यावर, जरूर उघडा. पत्रकात हेच वेळेनुसार लिहिलेले असावे.

आडवाट
शब्दशः पाळणाऱ्यांना एक विचारतो. धोक्याची पहिली खूण कोणाला दिसते? १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस १ ऑक्टोबरला सुरू झाली. नोव्हेंबरात मिनेसोटातल्या एका डॉक्टरने लशीनंतर पायांकडून वर चढत गेलेल्या लुळेपणाचा पेशंट कळवला. १६ डिसेंबरला मोहीम थांबली. तोवर ४ कोटींहून जास्त लोकांना टोचून झाले होते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतल्या पँडेमरिक्स लशीनंतर मुलांना दिवसा अनावर झोप येते, हेही २०१० मध्ये स्वीडन-फिनलंडच्या डॉक्टरांच्या नोंदींतून वर आले.

मार्च २०२१ ची कल्पना करा. अ‍ॅस्ट्राझेनेका घेऊन ९ दिवस झालेली पस्तिशीची बाई, न थांबणारी डोकेदुखी, अंगावर बारीक लाल ठिपके. पत्रक: ‘लशीनंतर डोकेदुखी सामान्य, पॅरासिटामॉल द्या.’ शब्दशः पाळले तर ती घरी जाते. नियम म्हणून लक्षात ठेवायचे तर एवढे: डोकेदुखी पहिल्या दोन-तीन दिवसांतली असेल तर सोडा, चौथ्या दिवसानंतर सुरू झाली किंवा वाढत गेली तर त्याच दिवशी प्लेटलेट मोजा. साधारण ५ ते ३० दिवसांची खिडकी. प्लेटलेट दीड लाखाखाली आणि डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण) ४००० च्या पुढे असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. गुठळ्यांवरचे नेहमीचे हेपरिन द्यायचे नाही, प्लेटलेट चढवायच्या नाहीत. दोन्ही गोष्टी हाताच्या सवयीच्या विरुद्ध आहेत, म्हणूनच मुद्दाम लिहितो. तिथे शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, १ ग्रॅम प्रति किलो, आणि प्लेटलेटमधल्या पीएफ-४ प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची एलायझा ही रक्तचाचणी.

शीतपेटी
पण मी टोचण्याबद्दल बोलत होतो, निदानाबद्दल नाही. निदानात पत्रकामागे लपणारा डॉक्टर मलाही नको. खुणा शोधा, कळवा. फक्त कळवताना लशीचा बॅच क्रमांक, टोचल्याची वेळ आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ वेगवेगळी लिहा. ‘लशीनंतर त्रास’ एवढ्याने वरच्या समितीला काहीच करता येत नाही.

पंधरा मिनिटे
टोचल्यावर बसवून ठेवण्याचा नियमही यात आणा. ब्रिटनने डिसेंबर २०२१ च्या मध्याला, ओमिक्रॉनच्या गर्दीत, एमआरएनए लशींनंतरची १५ मिनिटांची वाट तात्पुरती उठवली. मोठ्या केंद्रात ते ठीक होते, कारण तिथे अडथळा खुर्च्यांचाच होता. छोट्या दवाखान्यात तेच पत्रक डोळे मिटून लावण्यात अर्थ नाही. तासाला बारा पेशंट असतील तर एका वेळी तीनच खुर्च्या लागतात. तिथे वाट ठेवावी, आणि आधी कोणत्याही कारणाने तीव्र ॲलर्जी झालेल्यांना ३० मिनिटे.

बाकी एक. लशीनंतर कोसळणारे बहुतेक जण घाबरून चक्कर आलेले असतात. नाडी मंद, अंग फिकट, घाम, आडवे केले की मिनिटा-दोन मिनिटांत हुशारी. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी जलद, अंगावर गांध्या, ओठ सुजलेले, श्वासात शिट्टी किंवा उलट्या, आणि आडवे करूनही उतार नाही. शंका असेल तर ॲड्रेनालिन द्या: १:१००० चे ०.५ मिली, मोठ्या माणसाला, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ५ मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. आधी अँटिहिस्टामिन आणि स्टिरॉइड शोधत बसणे ही सगळ्यात महाग चूक. पेशंटला उठवून चालवू नका, रक्तदाब कोसळून हृदय थांबू शकते. आणि ॲड्रेनालिनची अँप्युल (काचेची कुपी) कपाटात कुलपात ठेवायची नाही, टोचण्याच्या ट्रेवरच, सिरिंजसकट. मुदत महिन्याच्या पहिल्या दिवशी पाहावी.

मोजपट्टी
फ्रिजबद्दल कोणी काही म्हटले नाही म्हणून दोन ओळी. दारात लस नको, बर्फाच्या कप्प्याला टेकून नको. कमाल-किमान थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ वाचून रीसेट. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या बाहेर गेले तर लस फेकू नका आणि वापरूही नका. ‘वापरू नये’ चिठ्ठी लावून २ ते ८ मध्येच वेगळी ठेवा, किती अंशांवर किती वेळ गेला ते लिहा आणि पुरवठादाराला विचारा. मे २०२१ मध्ये फायझरची विरघळलेली न उघडलेली व्हायल ५ दिवसांऐवजी महिनाभर फ्रिजमध्ये चालेल असे ठरले, तेव्हा आधीच्या दिवशी मुदत संपली म्हणून टाकलेल्या व्हायली परत आल्या नाहीत. मुदतवाढीच्या पत्रकात ‘आज फ्रिजमध्ये असलेल्या साठ्याला लागू आहे का’ ही ओळ पहिली हवी.

नवखा
मग व्यवहारात भिंतीवर काय लावायचे? दहा पत्रके चिकटवलेली असतात.

मोजपट्टी
@नवखा, भिंतीवर एकच पान, तुमच्या हाताने लिहिलेले: आज लागू असलेली लस, टोपणाचा रंग, मिली, किमान अंतर, वयाची अट, टाकायची वेळ, आणि वर ‘या तारखेपासून’. नवे आले की जुने पान काढून फाइलमध्ये, त्यावर ‘या तारखेपर्यंत’ लिहून. फाडू नका. सहा महिन्यांनी तक्रार आली तर त्या दिवशी कोणता नियम होता हेच विचारतात. आणि नवे पान लावल्यावर सिस्टरला ते मोठ्याने वाचायला सांगा. तिला जिथे अडखळायला होते तिथे पान चुकले आहे.

आडवाट
शेवटचा प्रश्न, शीतपेटींना. फायझरचा दुसरा डोस चुकून १८ व्या दिवशी दिला गेला. अमेरिकेच्या २०२१ च्या नियमात ४ दिवसांची सूट, म्हणजे १७ व्या दिवसापासून डोस ग्राह्य. ब्रिटनच्या तेव्हाच्या नियमात १९ दिवसांच्या आत दिलेला डोस धरायचा नाही, तो पुन्हा द्यायचा. त्याच दंडात तोच डोस. समुद्र ओलांडला की शरीर बदलते का?

शीतपेटी
शरीर बदलत नाही, नोंद बदलते. पेशंट ज्या नोंदवहीत आहे तिच्या नियमाने चाला, कारण त्याचे प्रमाणपत्र तिथून निघते. ब्रिटनमध्ये असाल तर पुन्हा द्या, चुकीच्या डोसापासून किमान २१ दिवस मोजून. पण १८ व्या दिवशी तो टोचला कसा गेला, हे आधी शोधा. बहुतेकदा उत्तर एकच निघते: कार्डावरची पहिल्या डोसाची तारीख कोणी नीट वाचलेलीच नव्हती.