कवडीचुंबक : चुंबक कुठला?

'लोहचुंबक लोखंड ओढतो तसा जो कवड्या ओढतो तो कवडीचुंबक', अशी कंजूष माणसासाठीच्या या शब्दाची एक फोड सांगतात. ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. 'चुंब्' म्हणजे मुका घेणे. लोहचुंबकसुद्धा त्यावरूनच, लोखंडाला जाऊन चिकटतो म्हणून. तेव्हा कवडीचुंबक म्हणजे कवडीचे मुके घेणारा. आणि कवडी हे एकेकाळी खरंखुरं चलन होतं, मालदीवहून जहाजं भरून यायची. सगळ्यात खालचं नाणं. त्याचेही मुके घ्यायचे, म्हणजे बघा!

कवडीचुंबक म्हणजे 'काटकसरीचंच दुसरं नाव', असं कुणी म्हटलं तर तेही मला पटत नाही. आमची आजी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहायची, पण दारातून कुणी चहाशिवाय गेलं नाही. ती काटकसरी. नात्यातले एक काका मात्र पाहुणे आले की आधी पंखा बंद करायचे, मग "बसा" म्हणायचे. बिस्किटांचा पुडा फोडला तर मोजून चार बाहेर, उरलेल्याला लगेच रबर. त्यांना आजी कवडीचुंबक म्हणायची. आम्ही पोरं नुसतं 'चिंगूस'.