पाटी चालते, हँडबिल नाही चालत

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या बहिणीने (बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे) दवाखान्याच्या पाटीवर "मधुमेह, मूतखडा, मूळव्याध यावर उपचार" लिहिलंय ते कायद्यात बसतं का. थोडी भर घालतो. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, मधुमेह आणि मूतखडा त्यात येतात (मूळव्याध त्या यादीत नाही) आणि यादीतल्या आजारांवर अमुक औषध घ्या अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, मग अ‍ॅलोपॅथी असो की आयुर्वेद. पण कलम १४ मध्ये सूट आहे, नोंदणीकृत डॉक्टरने स्वतःच्या जागेत लावलेल्या पाटीवर "इथे यावर उपचार होतात" एवढं लिहिलं तर चालतं. तेच औषधाचं नाव घालून हँडबिल छापलं आणि पेपरमधून वाटलं की ही सूट गेली, जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणा, आवाज, उजेड, अगदी धूरसुद्धा आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

एवढं तळमळीने लिहितोय कारण आमच्या मावशीने असंच एक गुलाबी हँडबिल, "शुगर ९० दिवसांत मुळापासून बंद", फ्रीजवर चिकटवलं होतं आणि कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या, पायाची जखम तीन महिने भरेना तेव्हा कळलं. असा कागद हाती आला तर फेकू नका, जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात तक्रार द्या. बहिणीला म्हणावं पाटी राहू दे, फक्त "हमखास", "मुळापासून" असले शब्द असतील तर आजच रंगवून टाक.