एका पेनाला मुदत आहे, दुसऱ्याला नाही. मग तुलना कशावर करायची?

धागालेखिका, चोपडा

आमच्या फ्रिजच्या दारात सध्या इंजेक्शनची दोन पेने शेजारी शेजारी ठेवलेली असतात. एक सासूबाईंचे, हाड बांधणाऱ्या टेरिपॅराटाइडचे. मणक्याचे हाड पिचल्यापासून त्यांना रोज २० मायक्रोग्रॅम घ्यावे लागते. दुसरे यजमानांचे सेमाग्लुटाइडचे. मधुमेह आणि वजन या दोन्हींसाठी आठवड्यातून एकदा. दोन्ही पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आणि दोन्ही कातडीखाली टोचायची, एवढ्यावरून येणारा-जाणारा विचारतो की यातले चांगले कोणते. नणंदबाईंनी तर आईंचे गुडघे दुखतात, वजनही जास्त आहे, तेव्हा दादाच्याच पेनातून त्यांनाही द्या, असे सुचवले आहे.

माझे मत असे की ज्या उपचाराला शेवट आहे, त्यावरच कुटुंबाने निश्चिंतपणे पैसा घालावा. टेरिपॅराटाइड साधारणपणे २४ महिन्यांनी थांबवतात. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरले खरे, पण औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. हे घर बांधणे नव्हे, भाड्याने राहणे आहे.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

ताई, उपमा चांगली आहे, पण न्याय्य नाही. मधुमेहालाच शेवट नसेल तर त्याच्या औषधाला कुठून असणार? रक्तदाबाची गोळी वीस वर्षे घेणाऱ्याला आपण भाडेकरू म्हणत नाही. शिवाय तुम्ही केवळ वजनकाट्याकडे पाहता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, १७,६०४ जणांवरील चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण आधीच हृदयविकार असलेल्या स्थूल रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. लठ्ठपणाला आपल्याकडे खात्यापित्या घराचे लक्षण मानतात, म्हणून त्यावरचे औषध चैनीचे वाटते, एवढेच. आणि नणंदबाईही अगदीच चुकीचे बोलत नाहीत, कारण स्थूल व्यक्तींच्या गुडघ्याच्या संधिवातात याच औषधाने वेदना कमी झाल्याचे २०२४ साली दिसून आले आहे.

औषधविक्रेता, भुसावळ

नाना, पेन दुसऱ्याला देण्याची कल्पना मात्र आधी मोडून काढा. सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याला वापरायचे नसते, कारण रक्ताचा अंश आत जाऊ शकतो. मात्राही प्रत्येकाला अगदी कमीपासून हळूहळू वाढवावी लागते, नाहीतर उलट्यांनी माणूस हैराण होतो.

ताई, तुमचा पायाही कच्चा आहे. टेरिपॅराटाइड दोन वर्षांनी थांबवायचे हे बरोबर, पण त्यानंतर ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिडसारखे हाडांची झीज रोखणारे औषध दिले नाही, तर हाडांची कमावलेली घनता ओसरू लागते. गिऱ्हाईक दोन वर्षे निष्ठेने इंजेक्शन घेते आणि 'कोर्स संपला' म्हणून मोकळे होते, हे मी काउंटरवर पाहतो.

माझ्या मते या दोहोंतला खरा फरक वेळेचा आहे. टेरिपॅराटाइड म्हणजे आपल्याच पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या ८४ अमिनो आम्लांपैकी पहिली ३४. हे संप्रेरक शरीरात सतत जास्त राहिले तर हाडे झिजतात, आणि दिवसातून एकदा येऊन लवकर निघून गेले तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. सेमाग्लुटाइडचे नेमके उलटे आहे. ते ज्याची नक्कल करते ते आतड्यातले मूळ संप्रेरक, जीएलपी-१, दोनेक मिनिटांत नष्ट होते, म्हणून सेमाग्लुटाइडला मेदाम्लाची शेपटी जोडून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहायला लावले आहे, आणि त्याचा अर्धा अंश उतरायलाच आठवडा लागतो. एक लवकर जाते म्हणून उपयोगी, दुसरे टिकते म्हणून. यांची गुणपत्रिका एकाच कागदावर कशी मांडणार?

(आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. दोन्ही पेने दुकानातून घरी बर्फाच्या पिशवीसह थर्मासमध्येच न्या, पण बर्फाला चिकटवून गोठवू नका. टेरिपॅराटाइडचे उघडलेले पेन औषध उरले असले तरी २८ दिवसांनी टाकून द्यायचे असते.)

धागालेखिका, चोपडा

भाऊ, 'कोर्स संपला' हे माझ्याही मनात होते, ते मी मागे घेते. पण नानांशी माझा वाद कायम आहे. भराभर वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात आणि हाडांची घनताही कमी होऊ शकते. ज्या बाईचा मणका आधीच पिचला आहे, तिला गुडघ्यांसाठी हे औषध देणे म्हणजे एका हाताने भिंत बांधून दुसऱ्या हाताने विटा काढणे नाही का?

निवृत्त शिक्षक, अमळनेर

पेन वाटून घेण्याच्या बाबतीत मी चुकलो. पण विटांचा हिशेब एकतर्फी आहे. जड शरीर आणि दुखरे गुडघे घेऊन चालणारी म्हातारी पडण्याचीही भीती असतेच, आणि पडली की पुन्हा हाडच मोडते. पुरेसे प्रथिन आणि स्नायूंचा व्यायाम सांभाळून वजन सावकाश उतरवता येते का, हा प्रश्न हाडांच्या आणि मधुमेहाच्या दोन्ही डॉक्टरांना एकाच वेळी विचारा. आज दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या फायलींत आहेत, असा माझा अंदाज आहे.

धागालेखिका, चोपडा

अंदाज बरोबर आहे. एक फाईल जळगावच्या डॉक्टरांची, दुसरी धुळ्याच्या.