प्रतिसाद: टक्क्यांच्या पलीकडचा करार

डेल्टा या अमेरिकी विमानकंपनीच्या वैमानिकांना २०२३ च्या करारात ३४ टक्के पगारवाढ मिळाली, म्हणजे विषय संपला, असं म्हटलं जातं. वाढ १८, ५, ४ आणि ४ अशा टप्प्यांची आहे. साधी बेरीज ३१ होते, चक्रवाढीने ३४.

पण खरा पैसा कामाच्या नियमांत असतो. समजा, चार दिवसांच्या फेरीत प्रत्यक्ष उड्डाण १६ तासांचं झालं. करारात दिवसाला सरासरी सव्वापाच तासांची हमी असेल तर पगार २१ तासांचा. हमी नसेल तर हॉटेलात काढलेला वेळ जवळपास फुकट! दर वाढवून ही हमी कापली, तर हातात जास्तीचं काहीच पडत नाही.

आणि विमानांचा ताफा. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या मोठ्या कंपन्यांच्या करारांतला स्कोप क्लॉज, म्हणजे बाहेरच्या कंपनीकडून किती मोठी विमानं उडवून घेता येतील हे ठरवणारं कलम, प्रादेशिक भागीदारांना (मुख्य कंपनीसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या कंपन्यांना) ७६ आसनं आणि ८६,००० पौंड कमाल उड्डाणवजनाच्या वर जाऊ देत नाही. एम्ब्रायर या विमान बनवणाऱ्या कंपनीचं नवं ई१७५-ई२ आसनांच्या मर्यादेत बसवता येतं, वजनाच्या नाही. त्यामुळे तिथे अजून जुनं ई१७५च घेतलं जातं. ही मर्यादा सैल केली की मोठी विमानं कमी पगार देणाऱ्या भागीदार कंपनीकडे सरकतात, आणि मुख्य कंपनीतल्या को-पायलटची कॅप्टनपदाची पाळी तेवढी लांबते.