मदत हवी आहे : मरीन इंजिनीअरिंगचा प्रत्यक्ष खर्च

नमस्कार. माझ्या भाचीने बारावी विज्ञानानंतर भारतीय सागरी विद्यापीठाची सीईटी दिली असून, चष्मा असल्यामुळे आणि डेक (म्हणजे जहाज चालवण्याच्या) शाखेचे दृष्टीचे निकष अधिक कडक असल्यामुळे तिने त्या शाखेच्या नॉटिकल सायन्सऐवजी मुंबई पोर्ट कॅम्पसचा चार वर्षांचा मरीन इंजिनीअरिंगचा बी.टेक. निवडला आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणितातील 60 टक्क्यांची अट तिने पूर्ण केली आहे. ताईच्या एकट्या पगारावर घर चालते, म्हणून शिक्षण शुल्काखेरीज वसतिगृह, मेस, गणवेश, बॉयलर सूट, सेफ्टी शूज आणि वैद्यकीय तपासणी धरून वर्षाला प्रत्यक्ष किती खर्च येतो, हे तिथे मुले शिकत असलेल्या पालकांनी कृपया सांगावे. शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागितले का? वर्कशॉपचा सराव पुरेसा होतो का, आणि शिपिंग कंपन्या मुलींना प्रायोजकत्व देतात का?