इंद्रभुवनात यापुढे कचेरी असावी की संग्रहालय?

बाळीवेसकर :
अप्पासाहेब वारद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापुरात उभारलेले इंद्रभुवन मूळचे एका धनिक व्यापाऱ्याचे निवासस्थान; पुढे तेथे महापालिकेचा कारभार आला आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती वास्तू ‘महापालिका’ म्हणूनच ठाऊक झाली. माझ्या मते तेथे यापुढे कचेरी नको, शहराचे संग्रहालय व्हावे. परगावच्या एका जुन्या वाड्यात दाखला काढायला गेलो असता सागवानी खांबावरच्या कोरीव कमळात खिळा ठोकून त्याला कोऱ्या अर्जांची चळत टांगलेली मी पाहिली. कचेरी म्हटली की हे आलेच.

चुनेगच्ची :
खिळा मलाही खटकला असता, पण हा इलाज रोगापेक्षा भयंकर आहे. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, 1879 च्या आगीत जळालेली पूर्वेकडील बाजू पुन्हा बांधली गेली आणि 1930 ते 1960 या काळात पुण्याचा नागरी कारभारही तेथूनच चालला. म्हणून तो उभा आहे. शनिवारवाड्याचे मात्र तट आणि जोती तेवढी उरली.

बाळीवेसकर :
शनिवारवाड्याचा दाखला तुमच्यावरच उलटतो. 1828 मध्ये तो जळाला तेव्हा ओस पडलेला नव्हता. इंग्रजांनी त्यात तुरुंग आणि दवाखाना थाटला होता.

गिलावा :
व्यवसायाने बांधकामातला असल्याने सांगतो, की भांडण वापराशी नसून दुरुस्तीशी आहे. चुन्यातल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मग ठेकेदार त्यावर आणखी सिमेंट थापतो. आपल्या उन्हाळ्यासाठीच जाड भिंती आणि उंच छते केलेली असताना वातानुकूलन यंत्र बसवायचे आणि त्याची हवा पुरावी म्हणून खाली खोटे छत ठोकायचे, हे तर्कट मला अजून उलगडलेले नाही. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात तळमजल्यावर संग्रहालय आणि वर राजघराण्याचे वास्तव्य, अशी वाटणी चालते. इंद्रभुवनात सभा आणि बैठका होऊ द्याव्यात. अभिलेखांची कपाटे तेवढी दुसरीकडे न्यावीत, कारण कागदाचा भार आणि वाळवी दोन्ही लाकडी तुळयांना सोसत नाहीत.

बाळीवेसकर :
कपाटे हलणार असतील तर माझा निम्मा आक्षेप मिटतो. उरलेला निम्मा असा, की सभा नसेल त्या दिवशी, रविवारी मुलांना घेऊन आलेल्या माणसाला आतला जिना पाहू देणार का?

चुनेगच्ची :
त्याला माझा विरोध कधीच नव्हता.